आखाजीचा जुना बाजार आणि भाड्याची नऊवारी

वैशाखात खानदेशात मुद्दाम यावं असं काहीही नसतं. पारा ४४ च्या खाली उतरायला तयार नसतो, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, नळाला पाणी चार-पाच दिवसाआड. तरी आखाजी जवळ आली की पुणे, नाशिक, सुरत, वापीकडून एसट्या आणि ट्रॅव्हल्स भरभरून निघतात आणि त्यात निम्म्या आम्ही माहेरवाशिणी असतो, मांडीवर पोरगं, पायाशी पाण्याचा जार, आणि नवरा मागून येतो म्हणालेला असतो पण येणार नसतो हे सगळ्यांना माहीत असतं. बाकी महाराष्ट्राला अक्षय्य तृतीया म्हणजे ग्रॅमभर सोनं घ्यायचा दिवस. आमच्याकडे लेकींसाठी ती दिवाळीपेक्षा मोठी. झोके बांधायचे, पितरांची घागर भरायची, चुलीत आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकायची, रस-पोळी हाणून पंख्याखाली आडवं व्हायचं. आणि पुरुषमंडळींनी पत्त्यांना बसायचं, ज्याबद्दल एरवी बोंब मारणाऱ्या बायकासुद्धा त्या दिवशी फारसं काही बोलत नाहीत.

तर आमच्या गावात गेली काही वर्षं आखाजीच्या आदल्या संध्याकाळी जुन्या काळचा बाजार भरतो. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर कमिटीतले फोन करून करून जीव खातील. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव आहे, केळी आणि कापूस, एवढं पुरे. कमिटी म्हणजे कोण तर दोन-तीन दुकानदारांची पोरं, हायस्कूलचे एक रिटायर्ड सर, गणपती मंडळातले हौशी, आणि बचत गटाच्या बायका, ज्या प्रत्यक्षात सगळं काम करतात. मेन रोडचा एक तुकडा बंद करतात, कंदील लावतात (आत एलईडी), बैलगाडी सजवून सेल्फी पॉइंट करतात, जातं, उखळ, पाटा-वरवंटा मांडतात. आणि अट अशी की येताना जुन्या काळातला पोशाख घालूनच यायचं. तसं कोणी गेटवर अडवत नाही, पण साध्या कपड्यात गेलं की सर माईकवरून टोमणा मारतात.

पैसे चालत नाहीत, आणे चालतात. गेटवर १०० रुपये दिले की पुठ्ठ्याचे १६ आणे मिळतात, म्हणजे एक आणा सव्वासहा रुपयांना. आता हा हिशोब पोरांच्या डोक्यात काही बसत नव्हता, दोन आण्याचा गोळा घेतला म्हणजे नक्की किती गेले यावर माझा भाचा मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढून बसला. पण गंमत अशी की १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा हाच घोळ झाला होता, रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे झाले आणि एका आण्याचे बरोबर सव्वासहा नवे पैसे होत होते. लोकांना कळावं म्हणून तेव्हा तक्ते छापावे लागले होते. कमिटीला हे माहीत होतं की आकडा आपोआप जुळला कोण जाणे, पण आमच्या गल्लीतले एक आबा त्या काउंटरसमोर खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अधेलीचे किती, चवलीचे किती हे तोंडपाठ सांगत राहिले. त्या संध्याकाळचा सगळ्यात अस्सल स्टॉल तोच होता आणि त्याला भाडं पण नव्हतं.

कपड्यांचं मात्र वेगळंच प्रकरण. आठवडाभर आधीपासून व्हॉट्सॲप ग्रुपवर जळगावच्या एका दुकानातल्या भाड्याच्या नऊवारीचे फोटो फिरत होते. शिवलेली नऊवारी, पायजम्यासारखी चढवायची आणि मागे हुक लावायचा, पाचशे रुपये रोज, नथ-चंद्रकोर-अंबाडा वेगळे. गडद जांभळी, राणी, हिरवीगार, चमचम जरीची. पुरुषांसाठी सिल्कचा कुर्ता आणि वर पेशवाई पगडी. माझ्या वहिनीने ती नऊवारी घालून आरशासमोर गिरकी घेतली आणि आईने फक्त एवढंच विचारलं, ‘छान दिसते वं, पण हे असं कोण नेसत होतं आपल्याकडे?’

हा प्रश्न नंतर काही माझ्या डोक्यातून जाईना. कारण आपल्याकडे असं कोणीच नेसत नव्हतं. आईच्या आईचं लुगडं सुती होतं, धुऊन धुऊन विटलेलं, पोटरीपर्यंत उचललेलं, काष्टा घट्ट, कारण तिला दिवसभर खुरपायला उकिडवं बसायचं असायचं, आणि पदर डोक्यावरून घेऊन ऊन लागलं की दातात धरलेला. नथ होती, पण ती डब्यात, लग्नकार्याला निघायची. शेजारच्या मारवाडणी घागरा-ओढणीत. बाजारात बंजारा बायका फेटिया-कांचळीत, आरसे चमकवत, हातभर बांगड्या. पुरुष धोतर, सदरा, पांढरी टोपी, खांद्यावर रुमाल, तोच रुमाल घाम पुसायला, तोच टोपीवरून बांधायला आणि त्यातच बाजाराहून येताना शेवचिवडा बांधून आणायला. म्हणजे जुना काळ म्हटलं की आम्ही जे भाड्याने आणलं तो पुण्याचा जुना काळ होता, तोही नाटक-सिरियलमधून धुऊन-इस्त्री करून आलेला.

आणि पेशवाईचंच म्हणायचं तर जरा वाचून बघा तेव्हा खानदेशात काय चाललं होतं. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेने हा मुलूख लुटून उजाड केला, त्याच्या मागोमाग १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ, मग पेंढारी. गावंच्या गावं ओस पडली, शेतात झाडोरा वाढला. १८१८ ला इंग्रज आले तेव्हा त्यांना इथे बाजार नाही, रान मिळालं. पुढे आऊट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी केली ती याच सगळ्या अस्वस्थतेतून. त्या काळात इथल्या कोणा बाईने जांभळी जरीची नऊवारी नेसून बाजारात गिरकी घेतली असेल असं मला काही वाटत नाही, असं मी सरांना म्हटलं. सर इतिहासाचेच. ते म्हणाले, ‘ताई, दुष्काळाची थीम ठेवली तर कोण येईल?’ यावर मला उत्तर सुचलं नाही.

पण दुष्काळ आणि पेशवाई यांच्यामध्ये भरपूर काही आहे ना. अमेरिकेत १८६१ ला यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि इथे कापसाचा भाव असा चढला की पणजोबांच्या पिढीपर्यंत त्याच्या गोष्टी सांगत होते. त्याच दशकात भुसावळपर्यंत रेल्वे आली. कापसाच्या गाड्यांच्या रांगा, जिनिंग, दलाल, पहाटे अंधारात निघालेले बैल, हा आमचा खरा जुना बाजार. नाहीतर १९३६ चं फैजपूर घ्या, काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन, डिसेंबरातलं, अध्यक्ष नेहरू, आणि सजावट कोणाची तर चित्रकार नंदलाल बोस यांची, बांबू आणि इथेच मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून उभी केलेली. आमच्या बाजाराची कमान फ्लेक्सची होती. तिच्यावर एका बाजूला प्रायोजक ज्वेलर्स, दुसऱ्या बाजूला बहिणाबाई चौधरींचा फोटो. आसोद्याची ही लेक, १८८० चा जन्म, आखाजीवर तिची कविता आहे म्हणून फोटो लावलेला, ते योग्यच. पण त्या फोटोखाली उभं राहून मी बराच वेळ बघत होते, आख्ख्या रस्त्यावर आमच्या पद्धतीने डोक्यावर पदर घेऊन नेसलेलं लुगडं तेवढं एकच, आणि ते फ्लेक्सवर.

नावं ठेवायची म्हणून गेले नव्हते मी, मजा पण आली, खरं सांगते. मांड्यांच्या स्टॉलपाशी तर अर्धा तास हलले नाही. चार आण्याला एक मांडा, वर आमरस. करणाऱ्या काकू पन्नाशीच्या, साध्या सुती पाचवारीत, पदर कमरेला खोचलेला, बांगड्या मागे सारून वर कापडाची पट्टी बांधलेली. समोर तीन दगडांची चूल, खाली कापसाच्या काड्या, वर उपडं खापर. कणीक इतकी सैल की परातीत पसरून जाईल असं वाटावं, ती पाण्याचा हात लावून उचलून आपटायची, परत उचलायची, परत आपटायची. त्यात पुरणाचा गोळा भरायचा, ताटलीएवढं लाटायचं आणि मग लाटणं बाजूला. दोन्ही पंजांवर घेऊन तो मांडा या हातावरून त्या हातावर असा फिरवायचा की दर फेरीला तो वाढत जातो, मनगटावर येतो, मग पार कोपरापर्यंत, आतलं पुरण दिसायला लागतं पण फाटत नाही, आणि एका झटक्यात खापरावर. सुरकुती पडली की काकू ‘हं’ म्हणून स्वतःवरच चिडायच्या आणि बोटाने पाणी शिंपडायच्या. घाम डोळ्यात जात होता तो खांद्याला डोळा घासून पुसायच्या, कारण हात मोकळे नव्हते. तेवढ्यात कमिटीतला एक मुलगा आला आणि म्हणाला, ‘काकू, तुम्ही नऊवारी नाही घातली? फोटोत बरं दिसलं असतं, पाठवू का एक?’ काकूंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, ‘ते नायलॉनचं पेटलं म्हणजे? तू विझवशील का?’

आणि कृपा करून कोणीतरी कमिटीला सांगा की भरीत हा हिवाळ्याचा पदार्थ आहे. वैशाखात आठ आण्याचं भरीत-पुरी विकणं म्हणजे पाहुण्यांची फसवणूक आहे. थंडीतली ती हिरवी, पातळ सालीची, कमी बियांची वांगी आत्ता कुठून आणणार? भरीत ठेचायची बडगी आणून ठेवली होती, लाकडी, छान जुनी, पण वांगी गॅसवर भाजलेली. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय म्हणून बोर्ड लावला की झालं का? उन्हाळ्यातलं दाखवायचं तर बिबडे दाखवा ना, ज्वारी भिजवून, दळून, लसूण-तीळ घालून शिजवलेला घाटा आणि गच्चीवर ओल्या धोतरावर बोटांनी थापलेले ते गोल. पोरांना सुकलेल्या बिबड्यापेक्षा गरम घाटाच जास्त हवा असतो, वरून तेल सोडून. त्याचा स्टॉल लावला असता तर मी सगळे सोळा आणे तिथेच उडवले असते.

पत्त्याचा किस्सा मी स्वतः पाहिला नाही, भावाने सांगितला, पण गावात तो एवढा फिरलाय की न सांगून कसं चालेल. मंदिरामागे नेहमीची मंडळी सतरंजी टाकून बसली होती. इकडे बाजारात एका पोराला इंग्रजांच्या काळातला शिपाई केलेला, खाकी हाफ चड्डी, पायाला पट्ट्या, हातात दांडकं. तो बिचारा लघवीला म्हणून मंदिरामागे गेला. अंधारात खाकी आणि दांडकं एवढंच दिसलं आणि सतरंजी, पैसे, एकाची चप्पल तिथेच टाकून सगळे पसार. एक जण म्हणे केळीच्या बागेत तासभर बसून होता.

एक गोष्ट मात्र मला लागली. आमचा आठवडे बाजार मागच्या मैदानात भरतो आणि त्या दिवशी तोही होताच. पहाडातून पावरा आदिवासी बायका आलेल्या, डिंक, चारोळी, मोहाची फुलं, टेंभरं घेऊन. अंगावर चांदी, त्यांचं रोजचंच नेसणं. बाजार आवरून त्या जीप धरायला निघाल्या आणि रस्ता बंद म्हणून आमच्या कंदिलांपाशी थबकल्या. दोघी-तिघी जणी हसत हसत बघत होत्या, एकीने दुसरीला कोपराने ढोसून पगडीवाला दाखवला. तेवढ्यात एक भाड्याची नऊवारी पुढे आली आणि म्हणाली, ‘तुमचा गेटअप किती ओरिजिनल आहे, कुठून आणला? एक सेल्फी?’ ती बाई काही बोलली नाही. फोटोला उभी राहिली, मग टोपलं डोक्यावर घेऊन मागच्या बोळाने निघून गेली. होळीच्या आधी याच पट्ट्यात भोंगऱ्या बाजार भरतात, पावरा-बारेला लोक नवे कपडे, ठेवणीतली चांदी घालून, ढोल घेऊन उतरतात, होळीचं सामान घेतात, नाचतात. कपडे ल्यायचा बाजार म्हणजे काय हे बघायचं तर तिथे जावं. तिथे कोणाला जुना काळ करून दाखवायचा नसतो, आणि त्याच बायकांना आमच्या गेटमधून आत बोलवावं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्याकडे आणे नव्हते म्हणा.

असंच सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्यांचं. खानदेशात शेतीचं वर्ष आखाजीला बदलतं. जुना सालदार सुटायचा, नवा ठरायचा, ओट्यावर बसून घासाघीस व्हायची, रोख किती, धान्य किती, वरून जोडा-घोंगडी देणार का, मधल्या अडचणीला उचल किती. कोणाची आधीची उचल फिटलेली नसली तर तो त्याच मालकाकडे आणखी एक साल. आता सालदार मिळत नाहीत म्हणून बागायतदार रडतात, तो विषय वेगळा. पण आखाजीचा जुना काळ उभा करायचा आणि त्यात हा सौदा नाही म्हणजे कमालच. मी म्हटलं एका ओट्यावर हा प्रसंग तरी करा, दहा मिनिटांचा. कमिटीतला माझ्या वर्गातला मुलगा (आता टक्कल पडलेला) म्हणाला, ‘मालक व्हायला पन्नास जण मिळतील. सालदार कोण होणार?’ त्याचे आजोबा आमच्याच गल्लीत सालाने होते. त्याने त्या दिवशी पाटलाचा फेटा बांधला होता आणि सांगायलाच हवं, त्याला तो चांगला दिसत होता. हे मला आधी जरा विचित्र वाटलं आणि मग वाटलं, का नाही?

कारण वेष घ्यायची हौस आमच्या आखाजीला नवी नाहीच. आम्ही पोरी असताना गौराई पाठवायला, म्हणजे विसर्जनाला, निघायचो तेव्हा एकीला साहेब करायचो. भावाची पँट, बेल्टला आणखी एक भोक पाडून, बापाचा शर्ट, काळा चष्मा, काजळाच्या मिशा, हातात छडी. ती पुढे आणि बाकीच्या गाणी म्हणत मागे. साहेब दुकानादुकानापुढे थांबून मोठमोठ्याने विचारायचा, घरपट्टी भरली का, दारू पिऊन बायकोला मारतो का, चल आत टाकते तुला. आणि एरवी आम्हाला मान खाली घालून चाला म्हणणारे ते बाप्ये हात जोडून ‘नाही साहेब, चुकलं साहेब’ म्हणायचे. एक संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पँट परत भावाची. आजी होण्यासाठी वेष घ्यावा असं तेव्हा कोणाला सुचलं नसतं, आजी तर व्हायचंच होतं पुढे, फुकटात.

म्हणून मला त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त आवडल्या त्या आमच्या गल्लीतल्या मावशी. पंच्याहत्तरी ओलांडलीय, अजून रोज लुगडंच. वहिनी त्यांना म्हणाली की मावशी तुम्हाला तर तयारीच नको, आहात तशा चला, पहिलं बक्षीस तुमचंच. मावशी म्हणाल्या, ‘जलमभर तेच नेसलं ना वं मी. त्याचं काय कौतुक? मले तुझा ड्रेस दे.’ आम्हाला वाटलं चेष्टा करतायत. नाही. वहिनीचा आकाशी पंजाबी ड्रेस, सलवारची नाडी दोनदा गुंडाळून, ओढणी आधी सवयीने डोक्यावर आणि मग जरा विचार करून खांद्यावर. पायात चपला त्यांच्याच. सगळ्या मेन रोडने मावशी चालल्या, दोन्ही हात मोकळे सोडून, कारण सावरायला पदरच नव्हता. त्यांच्या थोरल्या मुलाने लांबून बघितलं आणि तो तोंड फिरवून पानटपरीत घुसला. माईकवरून सर सवयीने टोमणा मारायला गेले, ‘साध्या कपड्यात आलेल्या त्या ताई...’ आणि मग ओळखलं असावं, कारण वाक्य तिथेच सोडून त्यांनी हरवलेल्या मुलाची अनाउन्समेंट सुरू केली. मावशींनी सहा आण्याचा मसाला सोडा प्यायला, झोक्यावर बसल्या, मांडेवाल्या काकूंना ‘खापर कमी तापलंय तुझं’ असं सुनावलं आणि घरी येऊन ड्रेस धुऊन वाळत घालूनच परत दिला.

बक्षीस अर्थात जांभळ्या नऊवारीला गेलं. पुढच्या वर्षीची थीम काय ठेवायची यावर ग्रुपवर आतापासूनच भांडणं चालू आहेत, शिवकाळ, राजस्थान, एकाने तर कोळीवाडा म्हटलंय, तापीकाठी! मी कापसाचा बाजार असं टाकलंय, त्याला आतापर्यंत तीन अंगठे आलेत, त्यातला एक आईचा. मावशींना ग्रुपमध्ये घेतलेलं नाही, पण त्यांनी नातवाच्या फोनवरून व्हॉइस मेसेज पाठवून विचारलंय की त्या जळगावच्या दुकानात जीन्स भाड्याने मिळते का, आणि कंबर मोजायची कुठून.